दिवळी, फडताळ आणि काचेचं कपाट



गेल्या वैशाखात आमच्या नव्या घराच्या दिवाणखान्यात भिंतीतलं काचेचं कपाट बसलं. चार फूट रुंद, सात फूट उंच, आत काचेच्या फळ्या आणि प्रत्येक फळीला दिवे. सुतारमामांनी शेवटचा स्क्रू पिळला, ह्यांनी बटण दाबलं आणि सगळे "वा!" म्हणाले. फक्त सासूबाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी मला हळूच विचारलं, "अगं, एवढ्या उजेडात दिवा कुठं ठेवायचा?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी भिंतीतल्या जागांच्या जुन्या गोष्टींत शिरले. आज तेच सांगणार आहे. ज्यांना घरी असं कपाट करायचंय त्यांच्यासाठी आमच्या चुकाही सांगते.

आमचं जुनं घर सांगलीत, नदीपासून फार लांब नाही. भिंती मातीच्या, दीड-दोन हात रुंद. लग्न होऊन आले तेव्हा मला त्या भिंतींचं नवल वाटलं होतं, कारण त्या भिंतीच घरातलं निम्मं सामान पोटात घेऊन उभ्या होत्या. दाराशेजारी दिवळी, तिच्या वरच्या कडेला काजळीचा काळा ओघळ. माजघरात तीन कोनाडे. एकात कंगवा-आरसा, एकात औषधाच्या बाटल्या, एकात आण्णांचा म्हणजे सासऱ्यांचा चष्मा. स्वयंपाकघराच्या भिंतीत दोन दारांचं फडताळ. धान्याचं बळदसुद्धा भिंतीलगतच बांधून काढलेलं. सबंध घरात लाकडी कपाट एकच, तेही आईंच्या माहेराहून आलेलं.

पूर्वी घरात लाकडी सामान कमी असायचं, त्यामुळे भिंत जाड असणं हीच मोठी सोय होती. त्या भिंतीवरच छताचा सगळा भार. म्हणून कोनाडा मोठा करता येत नसे. वीतभर खोल, हातभर उंच, आणि वरचं वजन दोन्ही बाजूंना उतरावं म्हणून माथ्यावर कमान किंवा लाकडाची जाड फळी. वाड्यांतल्या कोनाड्यांना महिरपीचा आकार दिसतो तो नुसता शोभेचा नाही. कमान भार पेलते, महिरप ती सजवते. 'कपाट' हा शब्दही बघा. संस्कृतात त्याचा अर्थ दाराची फळी. म्हणजे आपल्याकडे आधी भिंतीतला खण होता, त्याला दार लागलं, आणि पुढे त्या दाराचंच नाव सगळ्या वस्तूला मिळालं असावं असं मला आपलं वाटतं. मोल्सवर्थच्या कोशात कोनाडा आहे, फडताळही आहे. त्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची. शोकेस हा शब्द आपल्या घरात त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला.

दिवळीची गंमत वेगळी होती. तिच्यातला दिवा दिवळीसाठी नसायचा, खोलीसाठी असायचा. तीन बाजूंनी भिंत असल्यामुळे ज्योतीला वारा लागत नसे. मागची चुन्याची पांढरी भिंत उजेड पुढे टाकायची. आपल्या जैन घरांत सूर्यास्ताआधी जेवणं उरकत, त्यामुळे दिव्याचं काम थोडंच उरे. जरा वेळ जाप, मुलांचा अभ्यास, अंथरुणं घालणं, की फुंकर. पावसाळ्यात तर आईंच्या सासूबाई दिवा लवकर शांत करायला लावत, कारण ज्योतीवर पाखरं येतात. चातुर्मासात उजेडसुद्धा मोजून वापरायचा, हे त्या घरात कुणी शिकवत नसे. ते दिसतच असे.

देवाचा कोनाडा आणि दिव्याचा कोनाडा हे एकमेकांचे सख्खे. 'देवळी' हा शब्द तर देवळातूनच आला. वेरूळची जैन लेणी आठवा. तीस ते चौतीस क्रमांकाची ही लेणी साधारण नवव्या-दहाव्या शतकातली. बत्तीस क्रमांकाच्या इंद्रसभेत भिंतीत कोरलेल्या खणांमध्ये पार्श्वनाथ आणि बाहुबली उभे आहेत. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की आधी काही दिसत नाही. डोळे निवले की एकेक मूर्ती पुढे येते. उजेड मूर्तीवर टाकलेला नाही. बघणाऱ्यालाच थोडं थांबावं लागतं.

आता दुसरी जागा, जी माझ्या या सगळ्या विचाराला कारण झाली. अबूच्या देलवाड्याला ज्या जाऊन आल्या असतील त्यांना आठवेल. लूणवसही हे नेमिनाथांचं मंदिर १२३० साली तेजपालाने बांधलं. वस्तुपाल आणि तेजपाल हे दोघे भाऊ गुजरातच्या वाघेल्यांचे मंत्री. त्या मंदिरात आतल्या मंडपाच्या दाराशी दोन बाजूंना दोन संगमरवरी कोनाडे आहेत. गुजरातीत कोनाड्याला गोखला म्हणतात, आणि हे 'देराणी-जेठाणीना गोखला', म्हणजे धाकट्या जावेचा आणि थोरल्या जावेचा. वाटाड्या रंगवून सांगतो की दोघी जावांची चढाओढ लागली, एकीने आपल्या कोनाड्यावर जास्त खर्च केला की दुसरी आणखी कारागीर लावायची. ऐकणारे हसतात. मीही हसले होते, आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंनी मला कोपराने ढोसलं होतं.

घरी आल्यावर वाचलं तेव्हा कळलं की गोष्ट खोटी आहे. कोनाड्यांवरच्या लेखांप्रमाणे ते दोन्ही तेजपालानेच केले, आपली दुसरी पत्नी सुहडादेवी हिच्या श्रेयासाठी. दोन जावा नाहीत आणि चढाओढही नाही. एका माणसाने आपल्या बायकोच्या नावाने धर्माचं काम केलं, आणि लोकांनी शेकडो वर्षं त्यात बायकांचं भांडण पाहिलं! राग तर आलाच. पण मग मनात आलं, लोकांना ही गोष्ट इतकी पटली का असेल? कारण कोनाडा इतका सुंदर झाला की तो काही ठेवायची जागा राहिली नाही, तो स्वतःच दाखवायची वस्तू झाला. आणि दाखवायची वस्तू दिसली की माणसाच्या मनात पहिला विचार तुलनेचाच येतो.

घरातल्या भिंतीला हे वळण लावलं काच आणि विजेने. वस्तू काचेआड, फळीवर मांडून, नाव लिहून दाखवायची पद्धत आपल्याकडे संग्रहालयांनी आणली. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडलं. तिथली सागवानी काचेची कपाटं आजही बघण्यासारखी आहेत. मी मुलांना घेऊन गेले होते तेव्हा आतल्या वस्तूंपेक्षा त्या कपाटांकडेच जास्त पाहत होते. काच तेव्हा महाग होती. इकडे आपल्या भागात काच म्हणजे आधी कंदिलाची काच. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून उभा राहिला, आणि पुढे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीहून प्रभाकर कंदील घरोघर गेला. आमच्या दिवळीत पणतीनंतर तोच बसला होता. कंदिलाची काच ज्योत झाकायची आणि पाखरांना वाचवायची, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वीज आली तशी दिवळी रिकामी झाली. बल्ब छताला गेला. त्याच सुमारास भिंती बारीक झाल्या. सिमेंटच्या खांबांवर घरं उभी राहू लागल्यावर भिंतीला भार उचलायचं कारण उरलं नाही. नऊ इंच, आणि आतली तर साडेचार इंचच. कोनाड्याला जागाच राहिली नाही. मग सामान भिंतीतून बाहेर पडलं आणि शोकेस आली. सनमायकाचा पत्रा, सरकत्या काचा, आत कापडी बाहुली, कपबशांचा कधी न वापरलेला संच, कुणीतरी आग्र्याहून आणलेला ताजमहाल. साठ-सत्तरच्या दशकानंतरची सपाट, लहर नसलेली काच ज्या रीतीने तयार होऊ लागली ती रीत इंग्लंडमध्ये पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जाहीर केली होती. वितळलेली काच वितळलेल्या कथलावर तरंगवायची. आणि आता जे बारीक दिवे आपण फळीच्या कडेला चिकटवतो ते शक्य झाले निळ्या एलईडीमुळे. त्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं नोबेल मिळालं. निळा सापडल्यावरच पांढरा उजेड करता आला. जुन्या हॅलोजनने कपाट तापायचं. याने तसं तापत नाही.

आता आमच्या घराकडे येते.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं. आमच्या माजघरात ते खालच्या कोनाड्यांच्या वर चढलं. औषधं, आरसा, आण्णांचा चष्मा सगळं गेलं. आण्णा त्याआधी दोन वर्षं गेले होते, तरी चष्मा तिथेच होता. वाचलं ते वरच्या फडताळातलं. मातीच्या भिंतींनी पाणी प्यायलं, दोन महिन्यांत त्या फुगून सुटल्या, आणि इंजिनिअरने सांगितलं की घर उतरवावंच लागेल. नवं घर उंच जोत्यावर बांधलं. त्यात दिवाणखान्याची एक भिंत नऊ इंची ठेवली, ती या कपाटासाठीच.

करणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी सांगते. भिंतीत खोबण घ्यायची तर आधी त्या जागी खांब, तुळई, पाण्याचा पाइप, विजेची नळी नाही ना हे इंजिनिअरकडून बघून घ्या. बाहेरच्या, पाऊस खाणाऱ्या भिंतीत करू नका, ओल येते. नऊ इंचातली पाच इंच खोबण घेतली की मागे चार इंच उरतात. चार फूट रुंदीला वर लिंटेल हवीच. भिंत साडेचार इंचाची असेल तर ती फोडायची नाही, पुढे लाकडाची खोटी भिंत उभी करून खण करायचे. फळ्या आठ मिलिमीटरच्या टफन काचेच्या घ्या, म्हणजे वरचा उजेड खालपर्यंत झिरपतो. दिव्यांची पट्टी पुढच्या कडेला, तोंड आत करून लावा, नाहीतर बसणाऱ्याच्या डोळ्यांत जाते. आणि ड्रायव्हर अशा जागी ठेवा की बिघडला तर कपाट न तोडता हात पोचेल. आमचा पहिल्या कारागिराने भिंतीतच लिंपून टाकला होता, तो परत खोदून काढावा लागला.

पण खरी चूक दुसरीच निघाली. आषाढात, चातुर्मास लागल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी, सकाळी आई कपाटासमोर खाली बसलेल्या दिसल्या. हातात मऊ कुंचली. काचेच्या आत, सगळ्यात खालच्या फळीवर, पाखरांचा थर पडला होता. रात्री दिवे चालू राहिले होते. दिवे होते पांढरेशुभ्र, आणि दोन काचांच्या मधे पेन्सिलीच्या शिसाएवढी फट. पाखरं आत जात होती, बाहेर येता येत नव्हतं. एखादं अजून हलत होतं. आई तेवढी वेगळी काढून कागदावर घेत होत्या आणि अंगणातल्या तुळशीत सोडत होत्या. मला काही बोलल्या नाहीत. मनात णमोकार चालू असावा, ओठ हलत होते.

मी त्या दिवशी रडले. हिंसा आपण करत नाही असं म्हणायचं आणि शोभेसाठी घरात सापळा लावायचा! कंदिलाला काच लावणाऱ्याला जे कळलं होतं ते मला कळलं नव्हतं. काच असून उपयोग नाही, ती बंद हवी.

आम्ही दिवे बदलले. पिवळसर, तीन हजार केल्विनचे लावले, कारण निळसर पांढऱ्या उजेडावर पाखरं जास्त येतात. फटींना ब्रशची पट्टी आणि रबर लावलं. आणि ठरवलं की पाऊस संपेपर्यंत संध्याकाळी हे दिवे लावायचेच नाहीत. तेव्हापासून रोज सकाळी खालची फळी बघते. अजून एकही पाखरू आत सापडलेलं नाही. तरी बघायची सवय गेली नाही, आणि जाऊही नये.

राहिला प्रश्न कपाटात काय ठेवायचं याचा. प्रतिष्ठा झालेली मूर्ती शोभेच्या कपाटात नाही, यावर दुमत नव्हतं. तिला रोजचा अभिषेक हवा, विनय हवा. पण पुरातून वाचलेली एक वस्तू होती. माझ्या आजेसासूबाईंनी स्वतःच्या हाताने उतरवून घेतलेली व्रतकथांची पोथी. वरच्या फडताळात लाल वेष्टनात बांधलेली, म्हणून वाचली. ह्यांची फार इच्छा होती की ती मधल्या फळीवर उघडून ठेवावी, वरून उजेड सोडावा. "आजीची आठवण आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे की," असं त्यांचं म्हणणं. चूक काय त्यात?

मी नाही म्हटलं, आणि आठवडाभर घरात जरा अबोला होता.

माझं एक कारण साधं होतं. उजेड कागदाला खातो. संग्रहालयांत जुन्या कागदावर, कापडावर, ताडपत्रावर पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड पडू नये असं बघतात, आणि तरीही ती पानं थोडे दिवस मांडून परत अंधारात ठेवतात. झालेली झीज भरून येत नाही, ती साठत जाते. घरातल्या कपाटात दिवा फळीपासून हातभर अंतरावर, म्हणजे उजेड त्याहून कितीतरी जास्त. शाई उडायला वेळ लागणार नाही.

दुसरं कारण मूडबिद्रीचं. तिथल्या सिद्धांत बसदीत षट्खंडागमावरच्या धवला टीकेची ताडपत्रं शतकानुशतकं जपून ठेवली होती. यात्रेकरू जायचे, लांबून दर्शन घ्यायचे, कृतार्थ होऊन परत यायचे. वाचत कुणी नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईचे शेठ माणिकचंद आणि आपल्या सोलापूरचे हिराचंद नेमचंद यांना वाटलं की ही पानं नुसती पाहून भागणार नाही, ती गेली तर सगळं गेलं. त्यांनी नकला करवून घेण्याचं मनावर घेतलं. ते काम वर्षानुवर्षं चाललं. नकला करणाऱ्यांत गजपती उपाध्ये होते. त्यांनी गुपचूप आणखी एक कानडी नकल उतरवली, आणि त्या कामात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची साथ होती. ती नकल बाहेर पडली, तिच्यावरून आणखी प्रती झाल्या, आणि १९३९ साली अमरावतीहून प्रा. हिरालाल जैन यांनी धवलेचा पहिला भाग छापून प्रसिद्ध केला. परवानगीवाचून नकल करणं बरोबर की चूक यावर तेव्हाही वाद झाले असतील. मला मात्र रात्री घरात बसून पानं उतरवणाऱ्या लक्ष्मीबाई दिसतात. त्यांच्याजवळही एखाद्या दिवळीतला दिवाच असणार.

मी ह्यांना एवढंच विचारलं, "आजींची पोथी आपण शेवटची कधी वाचली?" उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली, मी ती पोथी दरवर्षी श्रुतपंचमीला पुसली, ऊन दिलं, नवं वेष्टन बांधलं, नमस्कार केला. उघडून दोन पानं वाचली नाहीत. कपाटात मांडली असती तर सगळ्यांनी पाहिली असती आणि तरीही कुणी वाचली नसती. तत्त्वार्थसूत्रात परिग्रह म्हणजे वस्तू असं म्हटलेलं नाही, मूर्च्छा म्हणजे आसक्ती असं म्हटलं आहे. मला वाटायचं, मूर्च्छा दागिन्यांची असते, साड्यांची असते. पोथीचीही होऊ शकते, हे या कपाटाने शिकवलं.

आता पोथीचे सगळे फोटो काढून ठेवलेत. मूळ पोथी लाल वेष्टनात, लाकडी पेटीत, वरच्या मजल्यावरच्या अंधाऱ्या फडताळात आहे. तिथपर्यंत पुराचं पाणीही येणार नाही. भाद्रपदात दशलक्षणाच्या दहा दिवसांत रोज संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत, तिच्यातली एक कथा आम्ही वाचली. फोटोंवरून मी वाचायची, आणि जिथे अक्षर लागायचं नाही तिथे आई पुढचं पाठ म्हणायच्या. त्यांना इतकं येतं हे ह्यांनाही माहीत नव्हतं. अबोला पहिल्याच संध्याकाळी संपला.

कपाटात काय आहे म्हणाल, तर मुलीची बक्षिसं, श्रवणबेळगोळहून आणलेला छोटा दगडी हत्ती, पुरात सापडलेली कंदिलाची एक काच आणि रोज लागणारी पुस्तकं. एक फळी रिकामी आहे. पाहुणे विचारतात, तिथं काय येणार? सध्या काही नाही.

आणि दिव्याचं काय? सुतारमामांना परत बोलावलं. कपाटाच्या शेजारी, दाराजवळ, भिंतीत वीतभर खोल, हातभर उंच एक दिवळी काढून घेतली. वर छोटी कमान, आत चुना. तिला ना वायर, ना बटण. आई संध्याकाळी तिथे काचेच्या हंडीत निरांजन ठेवतात, जाप होईपर्यंत. ते शांत केलं की मग आम्ही घरातले दिवे लावतो. परवा सहज वर पाहिलं तर कमानीला काजळीची पहिली बारीक रेघ उमटली होती. पुसायला फडकं घेतलं आणि आई म्हणाल्या, "असू दे गं ती."

ती तशीच आहे.